पायाखालचा पाट

‘‘ताठ बसते हो डॉक्टर, पण पाय कुठे ठेवू?’’

या प्रश्नाचे उत्तर मला त्या सोमवारी देता आले नाही. ओपीडीत नेहमीची गर्दी होती. समोर बसलेल्या ताई एका शासकीय कार्यालयात लिपिक. वय पंचेचाळीसच्या पुढे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपासून त्या माझ्याकडे येत होत्या. मान आणि दोन्ही खांदे दुखतात, कंबर धरते, संध्याकाळी पाय सुजतात, मांडीच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात. दर वेळी मी तपासत होतो, गोळ्या देत होतो आणि शेवटी एक वाक्य ऐकवत होतो, ‘‘ताठ बसत जा.’’ कंबरेला पट्टा होता, पर्समध्ये मानेची कॉलर होती, हातात एमआरआयची मोठी पिशवी होती. ‘‘मणक्यात गॅप आलाय, गादी सरकलीय,’’ असे त्यांना बाहेर कोणीतरी सांगितले होते. त्याच पर्समध्ये आणखी एक कागद होता, तो त्यांनी त्या दिवशी काढून दाखवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. सही करायची तेवढी बाकी होती. मुलगी बारावीला, घरात दुसरा पगार नाही.

‘‘ताठ बसा’’ हे वाक्य मी पुन्हा उच्चारले आणि त्यांनी वरचा प्रश्न विचारला. मग मी पहिल्यांदाच नीट पाहिले. आमच्या ओपीडीतल्या लोखंडी स्टुलावर त्या बसल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीपासून वर. चपलेची टोके स्टुलाच्या आडव्या दांडीत अडकवलेली, लहान मुले उंच बाकावर बसतात तशी.

तीस वर्षांच्या डॉक्टरकीत मी हजारो पाठी तपासल्या, पण ती पाठ दिवसाचे आठ तास कशावर टेकते, हे मी क्वचितच विचारले होते. त्या दिवशी त्यांना औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक काम दिले. शिवणकामाची टेप घेऊन कार्यालयात जा, खुर्ची मोजा, टेबल मोजा, आकडे लिहून आणा. त्यांची स्वतःची मापे आम्ही ओपीडीतच घेतली.

पंधरा सेंटीमीटरचा हिशेब

पुढच्या सोमवारी आकडे आले. ते सगळे देतो, कारण दुखण्याचे बरेचसे उत्तर त्या बेरीज-वजाबाकीतच आहे.

ताईंची उंची १५० सेंटीमीटर. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटीमीटर आहे, म्हणजे त्या काही फार बुटक्या नव्हेत. बसल्यावर पायाच्या तळव्यापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर चपलेसह ३९ सेंटीमीटर. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची २१. म्हणजे पाय जमिनीवर नीट टेकवून त्या बसल्या, तर त्यांचे कोपर जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर येते.

आता फर्निचर. टेबलाची उंची ७५. खुर्चीची बैठक ४६, आणि ती वर-खाली होत नाही. कोपर ६० वर आणि टेबल ७५ वर. फरक १५ सेंटीमीटरचा.

हा फरक खुर्चीने मिटवला नव्हता, फक्त वाटून दिला होता. ४६ च्या खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीपासून ७ सेंटीमीटर वर राहत आणि कोपर टेबलापेक्षा ८ सेंटीमीटर खाली. त्यात कीबोर्डची जाडी वेगळी. खाली सात, वर आठ. त्यांच्या तक्रारींची यादी या दोन आकड्यांशी जुळवून पाहिली, तर फारसे काही शिल्लक उरत नव्हते.

पाय लोंबकळले की दोन्ही पायांचे वजन मांडीच्या मागच्या भागावर येते आणि खुर्चीची पुढची कड तिथे रुतते. त्या जागेतून शिरा आणि नसा जातात. पोटरीचे स्नायू चालताना पायातले रक्त वर ढकलण्याचे काम करतात. लोंबकळत्या पायात ते काम जवळजवळ बंद पडते. म्हणून मुंग्या, म्हणून संध्याकाळची सूज. हे टाळायला माणूस काय करतो? खुर्चीत पुढे सरकतो, कडेवर टेकतो, म्हणजे निदान पायाचे चवडे जमिनीला लागतात. पण मग पाठ मागच्या टेकूपासून सुटते. टेकू नावापुरता उरतो आणि धड सावरायचे काम दिवसभर पाठीच्या स्नायूंनाच करावे लागते. दुपारपर्यंत ते थकतात, पाठीला बाक येतो आणि कंबर बोलू लागते.

वरच्या बाजूला कोपर टेबलाच्या खाली. हात टेबलावर आणायचे तर खांदे उचलावे लागतात. फार नाही, थोडेच. पण ते थोडे उचलणे तासन् तास चालते. मानेपासून खांद्यापर्यंतचा मोठा स्नायू या काळात सैल पडतच नाही. पाण्याची भरलेली बादली दोन मिनिटे उचलून ठेवली तर काही होत नाही. रिकामी बादली दिवसभर हातात धरून उभे राहून पाहा.

खुर्चीच्या बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या टेकूपर्यंतचे अंतर, ४८ सेंटीमीटर होते. ताईंच्या नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचे माप ४३. म्हणजे पाठ टेकवायला मागे सरकावे तर खुर्चीची कड थेट गुडघ्यामागे. पाठ टेकवा नाहीतर गुडघे वाचवा, एवढाच पर्याय. मी ज्याला दोन वर्षे ‘वाईट सवय’ म्हणत होतो, ती त्या शरीराने शोधलेली वाट होती. कार्यालयांत कितीतरी जण टेबलाखाली चपला काढून एक पाय खुर्चीवर दुमडून बसतात. आपण त्यांना हसतो. त्यातल्या अनेकांचे पाय टेकत नसतात, एवढेच.

सरासरी माणूस भेटत नाही

मग ही खुर्ची कोणाच्या मापाची? याचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा कोणाच्याच नाही’ असे आहे.

अमेरिकेच्या हवाई दलाला १९५० च्या सुमारास असाच प्रश्न पडला होता. विमानाची वैमानिक-कक्षा ‘सरासरी’ वैमानिकाच्या मापाची केलेली, तरी वैमानिकांना ती अडचणीची वाटे. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे त्याने निवडली आणि प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येणाऱ्याला ‘सरासरी’ म्हणायचे ठरवले. दहाही मापांत सरासरी ठरणारे वैमानिक किती निघाले? शून्य. कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती रुंद तर कंबर बारीक. सरासरीसाठी बनवलेली जागा एकालाही नीट बसत नव्हती. पुढे मागे-पुढे, वर-खाली करता येणारी आसने आली, त्यामागे हा धडा होता.

आपल्याकडे या सरासरीत आणखी एक गोम आहे. टेबल-खुर्चीची रूढ मापे बऱ्याच अंशी पाश्चात्त्य शरीरांवरून आली. अमेरिकन पुरुषाची सरासरी उंची १७५ सेंटीमीटरच्या आसपास, भारतीय पुरुषाची १६५ च्या आसपास आणि भारतीय स्त्रीची १५२. पहिल्याच्या मापाचे टेबल तिसरीला दिले की काय होते, ते वर पाहिलेच. भारतीय शरीरांची मापे कोणी घेतलीच नाहीत असे मात्र नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. मापे उपलब्ध आहेत. खरेदी करणारे ती उघडून पाहत नाहीत.

७५ सेंटीमीटरच्या टेबलाची कथाही जाणून घेण्यासारखी आहे. ही उंची शाई-कागदाच्या काळातली. लिहिताना हात टेबलावर टेकलेला असतो, त्यामुळे टेबल कोपरापेक्षा थोडे उंच असले तरी चालते. टंकलेखनाला ते चालत नाही, म्हणून टाइपरायटरसाठी वेगळे, बुटके टेबल असे. जुन्या कार्यालयांत काम केलेल्यांना ते आठवत असेल. पुढे टाइपरायटर गेला, त्याचे बुटके टेबल भंगारात गेले आणि संगणक येऊन बसला तो लिहिण्याच्या उंच टेबलावर. कामाची पद्धत बदलली, पण टेबलाची उंची तीच राहिली.

त्याच्याही आधी आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. पेढीवरचा मुनीम गादीवर मांडी घालून बसे, समोर उतरता डेस्क. दप्तरातला कारकून गुडघा उभा करून त्यावर कागद धरी. ‘खुर्ची’ हा शब्द मूळचा अरबी. वस्तूही शब्दासारखीच बाहेरून आली. पूर्वीचे सगळे उत्तम होते असे मी म्हणणार नाही. मुनिमांचे गुडघेही धरत असतील, पाठही वाकत असेल. पण जमिनीवर बसणाऱ्याला आपले पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न कधी पडला नाही.

खुर्ची हुद्द्याची, शरीराची नाही

मराठीत ‘खुर्ची’ म्हणजे सत्ता. कार्यालयातही खुर्ची हुद्दा पाहूनच मिळते. साहेबांना उंच पाठीची, फिरती, वर-खाली होणारी. पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. साहेब दिवसातला बराच वेळ बैठकांना, दौऱ्यावर. लिपिकाला चार पायांची, स्थिर. तो मात्र दहा ते सहा तिच्यावरच. जो सर्वांत जास्त वेळ बसतो, त्याला सर्वांत कमी जुळवून घेणारी खुर्ची मिळते.

यात माझाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी मी काम करत असलेल्या रुग्णालयाच्या फर्निचर खरेदी समितीवर होतो. खुर्च्या घ्यायच्या होत्या. पत्रकात लोखंडी नळीची जाडी होती, गादीची जाडी होती, कापडाचा रंग होता, हमीचा कालावधी होता. त्यावर बसणाऱ्या माणसाचे एकही माप नव्हते. नमुन्याची खुर्ची आली तेव्हा समितीतल्या आम्ही तिघांनी बसून पाहिली. तिघेही पुरुष, तिघांचीही उंची १६५ ते १७५ च्या दरम्यान. ‘‘छान आहे,’’ म्हणालो आणि सह्या केल्या. त्या खुर्च्यांवर आज बसतात त्या मुख्यतः नोंदणी खिडकीवरच्या आणि कार्यालयातल्या महिला. समितीत एक डॉक्टर हवा म्हणून मला घेतले होते. डॉक्टर म्हणून विचारायचा एकमेव प्रश्न मी विचारला नाही.

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. दिवसभर उभे राहणाऱ्या विक्रेत्या महिलांसाठी ही मोठी गोष्ट होती. बसायला मिळणे हा पहिला हक्क. बसल्यावर पाय टेकणे हा दुसरा. त्याच्याबद्दल अजून कोणी फारसे बोलत नाही.

महागड्या खुर्च्या घेतलेल्या खासगी कंपन्यांतही सगळे ठीक असते असे नाही. तिथल्या खुर्चीला तीन-चार खटके असतात, पण ते कशाचे हे कोणी दाखवलेले नसते. माझ्या ओपीडीत आलेल्या एका तरुणाने सांगितले की त्याच्या खुर्चीच्या टेकूवरचे पारदर्शक प्लॅस्टिक दोन वर्षांनंतरही काढलेले नाही. ‘‘खराब होईल म्हणून, सर.’’

खुर्चीला सगळा दोष देऊ नका

इथे थोडे थांबायला हवे. फर्निचर बदलले की दुखणे पळाले, असा समज करून देणे चूक ठरेल.

एमआरआयचीच गोष्ट घ्या. ताईंच्या अहवालात दोन ठिकाणी ‘बल्ज’, म्हणजे गादी किंचित फुगल्याचा शेरा होता. १९९४ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या निदान एका गादीत काही ना काही बिघाड दिसला. निम्म्याहून अधिक जणांत बल्ज होता. आणि हे सगळे ठणठणीत लोक होते. केस पांढरे व्हावेत तशा वयाबरोबर गाद्याही बदलतात. बहुतेक पाठदुखीत एकाच मणक्याकडे किंवा गादीकडे बोट दाखवता येत नाही. म्हणून ‘गॅप आलाय’ या शब्दाने घाबरून जाऊ नका.

‘बसल्याने मणक्यावर प्रचंड दाब येतो’ हेही तुम्ही ऐकले असेल. स्वीडनमधल्या नॅकेमसन यांच्या १९६०-७० च्या दशकांतल्या मोजमापांवरून हा समज पसरला. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर गादीतला दाब बराच जास्त, असे त्यांना आढळले होते. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कण्यात सुधारित यंत्र बसवून पुन्हा मोजले, तेव्हा आरामात बसलेल्या अवस्थेतला दाब उभ्या अवस्थेपेक्षा किंचित कमीच भरला. एकाच माणसावरची ही मोजणी, तिच्यावरून अंतिम निकाल लावता येणार नाही. पण बाक काढून बसलो की गादी सरकलीच, ही भीती तरी सोडायला हरकत नाही.

आज पुरावा जे सांगतो ते साधे आहे. एकच ‘योग्य’ बैठक नसते. कितीही चांगल्या बैठकीत शरीर तासन् तास खिळून राहिले, की ते कुरकुरते. चांगल्या खुर्चीचा उपयोग एवढाच, की ती शरीराला सतत स्नायू ताणून ठेवायला लावत नाही आणि हालचालीला मोकळीक देते. दुखण्यात कामाचा ताण, अपुरी झोप, व्यायामाचा अभाव, वरिष्ठांशी बिनसलेले संबंध यांचाही हात असतो. दुपारी तीनच्या सुमारास दुखणाऱ्या मानेमागे कधी कधी चारच्या बैठकीची धास्ती असते.

आणि बसून राहण्याचे नुकसान पाठीपुरते नाही. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसमधल्या चालक आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना, जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक होता. दिलासा देणारी बाजूही आहे. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत, आठ तास बसण्याने येणारा अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसेनासा होतो. ही भरपाई कोणतीही खुर्ची करून देत नाही.

आजच मोजून पाहा

आता तुमच्या खुर्चीकडे वळू. टेप हाताशी नसली तरी चालेल.

पहिली तपासणी पायांची. नेहमीच्या चपला किंवा बूट घालून खुर्चीत पूर्ण मागे सरकून बसा. दोन्ही तळपाय, टाचेसह, जमिनीवर टेकले पाहिजेत. मांडी आणि खुर्चीच्या पुढच्या कडेमध्ये हाताची बोटे सहज सरकली पाहिजेत. सरकत नसतील तर खुर्ची तुमच्यासाठी उंच आहे. उलट गुडघे कमरेपेक्षा बरेच वर आले, तर ती बुटकी आहे.

दुसरी तपासणी खोलीची. मागे टेकून बसल्यावर खुर्चीची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटांची जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर कमरेमागे लहान उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवा. साहेबांच्या खुर्चीवरच्या टॉवेलचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

तिसरी तपासणी कोपरांची. खांदे पूर्ण सैल सोडा, हात अंगालगत ठेवा, कोपर काटकोनात वळवा. कीबोर्ड आणि माऊस याच उंचीवर किंवा किंचित खाली हवेत. माऊस लांब ठेवू नका. पुढच्या हाताला, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला, कशाचा तरी आधार द्या. मान-खांद्याच्या दुखण्यात या आधाराचा फायदा होतो.

चौथी तपासणी डोळ्यांची. स्क्रीन साधारण हातभर अंतरावर, समोरासमोर आणि तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी. पण तुम्हाला दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा असेल तर हा नियम मोडा. अशा चष्म्यात जवळचे दिसणारा भाग खाली असतो. स्क्रीन वर असली की तुम्ही हनुवटी उचलून मान मागे टाकून वाचता. पन्नाशीतल्या अनेकांच्या मानदुखीचे कारण एवढेच असते. त्यांनी स्क्रीन खाली घ्यावी, किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

लॅपटॉपचे वेगळे दुखणे आहे. त्यात स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात सुखावले तर मान वाकते, मान सरळ केली तर खांदे वर जातात. रोज दोन-तीन तासांहून अधिक काम असेल तर लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर उंच ठेवा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस घ्या.

उंची कमी-जास्त होणाऱ्या, उभे राहून काम करता येणाऱ्या टेबलांबद्दल अनेक जण विचारतात. त्यांनी बसण्याचा वेळ रोज दीड तासाच्या आसपास कमी होतो असे अभ्यासांत दिसते. पण आजारांवर त्याचा किती परिणाम होतो, याचा पुरावा अजून कच्चा आहे. खिशाला परवडत असेल तर घ्या. नसेल तर दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्या, फोन उभ्याने घ्या, शेजारच्या टेबलावर निरोप चालत जाऊन द्या. त्याला काही खर्च नाही.

काही लक्षणे मात्र खुर्चीवर ढकलू नका. पायातली शक्ती कमी होणे, पाऊल लटके पडणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेजवळ बधिरपणा येणे, यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, बारीक ताप, वजन घटणे यांतही उशीर नको. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून पुष्कळ आढळतो आणि तो वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो.

पुढे काय झाले

ताईंच्या कार्यालयाला मी नवी खुर्ची द्या असे पत्र दिले. ते आवक विभागात पोहोचले. त्यापुढे त्याचे काय झाले ते कळले नाही. मग आम्ही आहे त्यातच मार्ग काढला.

टेबलाखाली कीबोर्डसाठी एक सरकता ट्रे होताच, पण गंजून अडकलेला आणि त्यावर जुन्या फायली कोंबलेल्या. शिपाईदादांनी फायली काढल्या, तेल घातले, ट्रे सरकू लागला. त्याची उंची ६७ सेंटीमीटर. खुर्ची ४६, अधिक कोपर २१, बेरीज ६७. वरचे आठ सेंटीमीटर मिटले. खालच्या सातांसाठी ताईंनी घरून देवघराजवळचा जुना लाकडी पाट आणला. सहा सेंटीमीटरचा. चप्पल पायात ठेवून त्यावर पाय ठेवले की ते पुरते टेकत. कमरेमागे गुंडाळलेली चादर. एकूण खर्च शून्य.

त्याबरोबर रोज अर्धा तास चालणे, पाठ-पोटाचे थोडे व्यायाम आणि कॉलर-पट्ट्याला सुट्टी. सहा-सात आठवड्यांत पायाची सूज आणि मुंग्या गेल्या. खांदे बरेच हलके झाले. कंबर अजूनही महिनाअखेरीस, बिले काढायच्या दिवसांत, दुखते. ते दुखणे पाटाने जाणारे नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. स्वेच्छानिवृत्तीचा कागद त्यांनी फाडला की नाही, मी विचारले नाही. गेल्या वर्षी त्यांना पदोन्नती मिळाली, दुसऱ्या शाखेत बदली झाली. पाट त्यांनी बरोबर नेला.

त्यांच्या जागी आलेला तरुण चांगला सहा फुटांजवळ. त्याचे गुडघे त्याच ट्रेला आपटतात आणि त्याच खुर्चीवर त्याला बसकूर मारल्यासारखे वाटते. तोही आता माझ्याकडे येतो. खुर्ची तीच आहे, ४६ सेंटीमीटरची. आधी ती उंच होती, आता बुटकी आहे.

शेवटच्या भेटीत ताईंनी जाता जाता आमच्या त्या लोखंडी स्टुलाकडे बोट दाखवले. ‘‘डॉक्टर, हे कधी बदलणार?’’ उंची बदलता येणाऱ्या स्टुलाचा मागणीपत्रक मी दिले आहे, या वेळी मापे लिहून. मंजुरी यायची आहे. तोवर त्या स्टुलाखाली मी माझ्या घरचा एक पाट ठेवला आहे. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद नाही, पण येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांचे तरी पाय त्यावर टेकतात.